हरकती निरंक

कडी हे काही तिचं खरं नाव नव्हतं, पण ऑफिसात तिला दुसऱ्या कुठल्या नावाने हाक मारली असती तर तिने मागे वळूनही पाहिलं नसतं. दिसेल त्याला कडी घालायची हा तिचा स्वभाव, आणि पगारही त्याचाच. कंपनी अकरा माणसांची. चालकाशिवाय चालणारी चौदा आसनांची छोटी बस बनवणारी. त्या बसमध्ये बाहेरचा कुणी चोर संगणकाच्या वाटेने घुसू नये, हे बघणं कडीचं काम. ते ती इतक्या मनापासून करायची की एकदा कॉफीच्या मशीनलाही तिने पासवर्ड लावला होता. दोन दिवस कुणालाच कॉफी मिळाली नाही, तेव्हा कुठे तो निघाला.

मतं सगळ्यांनाच असतात, कडीला जरा जास्त होती. ती सांडायला जागा हवी म्हणून तिने इंटरनेटवर स्वतःचं एक पान काढलं होतं. दर रविवारी एक लेख. विषय तीनच: इंटरनेटवरची सुरक्षा, सॉफ्टवेअरची रचना आणि उद्याची वाहनं. या तिन्ही विषयांतलं जगात कुणालाच काही कळत नाही, हे लेखाच्या सुरुवातीला सुचवलेलं असे आणि विसरला असाल तर शेवटीही. वाचक मोजून तेवीस. त्यातले बावीस मुकाट्याने वाचत. तेविसावी होती तिची आत्या.

आत्याने एकतीस वर्षं बसमध्ये कंडक्टरकी केली होती. कडी सहा वर्षांची असल्यापासून आत्याकडेच वाढली, आणि आकडे शिकली ते तिकिटांच्या गठ्ठ्यावर. आता आत्या निवृत्त होती, गुडघ्यांनी कुरकुरत होती, पण तोंड आणि नजर दोन्ही शाबूत होती. लेख आला की ती चष्मा पुसून बसायची आणि खालच्या चौकटीत एका बोटाने आपला अभिप्राय टाइप करायची. दोघी एकाच घरात, एकाच टेबलावर जेवणाऱ्या. कडीने एकदा विचारलं, "अगं, इथे तोंडानेच सांग ना."

"तोंडाने सांगितलेलं तू ऐकतेस कुठे? लिहिलेलं निदान वाचतेस तरी."

कडीने लिहिलं होतं, पासवर्ड चोवीस अक्षरांहून लहान असूच नये. खाली आत्या: 'चोवीस अक्षरं चालत्या गाडीत कोण बिनचूक लिहिणार? मला तर बसून जमत नाही. येताना दूध आण.' कडीने लिहिलं, उत्तम रचनेत बटणं डोळ्यांना दिसत नाहीत. खाली आत्या: 'दिसत नाही ते सापडतही नाही. नव्या पडद्यामागे माझी घंटेची दोरी गेली होती, तेव्हा तीन थांबे गाडी थांबली नव्हती.' असे दोन वर्षांत एकोणचाळीस अभिप्राय झाले होते. कडी प्रत्येकाला उत्तर द्यायची, पण लहान मुलाला द्यावं तसं. 'हो हो आत्या, बघू.'

मग आला तो दोन किल्ल्यांचा लेख. कडीचा सगळ्यात लाडका नियम होता तो. बसला आपल्यावर हल्ला होतोय असा संशय आला, की तिने रस्त्याच्या कडेला उभं राहायचं आणि कुणाचाही हुकूम ऐकायचा नाही. तो संशय काढायचा तर ऑफिसातल्या नियंत्रणाच्या खोलीत दोन माणसांनी आपापल्या दोन किल्ल्या एकाच वेळी लावायच्या. एकट्यादुकट्याचं काम नाही. किल्ली चोरली तरी रस्त्यावर ती चालायची नाही. एक किल्ली कडीच्या गळ्यात, दुसरी कंपनीच्या प्रमुखाच्या. कडीला वाटलं, आता यात बोट घालायला जागाच नाही. आत्याने बोट घातलं. 'दोघंही किल्लीवाले एकाच बसमध्ये बसले तर?'

कंपनीच्या प्रमुखाला सगळे सुबकराव म्हणत. बसचं रूपडं त्यांनीच रेखाटलं होतं आणि एकही खिळा, एकही फट, एकही भडक रंग नजरेला पडू द्यायचा नाही हा त्यांचा पण होता. त्यांनी सोमवारच्या बैठकीत आत्याचा अभिप्राय मोठ्याने वाचून दाखवला. "आपल्याकडे आता आत्याबाईंचं सल्लागार मंडळही आहे बरं का!" सगळे हसले. कडीही हसली, आणि खरं सांगायचं तर सगळ्यांत मोठ्याने तीच हसली. त्या दुपारी तिने आपल्या पानावरची अभिप्रायाची चौकट बंद करून टाकली.

पुढच्या रविवारी आत्या चष्मा पुसून बसली आणि बराच वेळ पडद्यावर बोट फिरवत राहिली.

"अगं, तुझं ते पान बिघडलंय का? लिहायची जागाच दिसत नाही."

"हो, दुरुस्तीला काढलंय," कडी म्हणाली.

"बरं. झालं की सांग."

तीन महिने झाले. दर रविवारी आत्या विचारायची, दर रविवारी कडी 'अजून नाही' म्हणायची. बाहेर मोठमोठ्या चोरांशी झुंजणारी ही बाई घरात एका प्रश्नासमोर चहाचा कप घेऊन बाल्कनीत पळायची. तिला लाज वाटत होती. पण लाज अशी चीज आहे की जितकी जुनी होते तितकी काढायला जड जाते, आणि ही तर तीन महिन्यांची मुरलेली होती.

तेवढ्यात परवान्याचा दिवस ठरला. बसला रस्त्यावर धावायची परवानगी मिळाली तर कंपनी जगणार होती, नाहीतर अकराच्या अकरा जणांनी दुसरीकडे अर्ज टाकायचे होते. अर्ज सोळा रकान्यांचा. चौदावा रकाना असा: 'त्रयस्थांकडून आलेल्या हरकती व त्यांना दिलेली उत्तरं.' सुबकराव म्हणाले, निरंक लिहा. कडीचं पेन क्षणभर थबकलं. मग तिने 'निरंक' लिहिलं आणि खाली सही ठोकली.

चाचणीच्या फेरीत एक वयस्क प्रवासी असावा, अशी परवाना खात्याची अट होती. "तुमची आत्याच घेऊ," सुबकराव म्हणाले. "घरचं माणूस. चार शब्द बरे बोलेल."

आत्याला त्यांनी अजून ओळखलं नव्हतं.

चाचणीच्या सकाळी पांढरीशुभ्र, गोलसर, गुळगुळीत बस ऑफिससमोर उभी राहिली. आत्याने तिला पाहताक्षणी 'डबी' असं नाव ठेवलं आणि ते लगेच चिकटलं. परवानावाल्या बाई वेळेच्या पाच मिनिटं आधी आल्या, सोबत दोन कारकून. गळ्यात साखळीला अडकवलेला चष्मा, मांडीवर फाईल, आणि बोलणं मोजकं. कंपनीकडून सुबकराव, कडी आणि चार सहकारी. नियंत्रणाच्या खोलीत पडद्यापुढे एकटा एक सहकारी ठेवला होता. कौतुकाचा दिवस, बाहेर कोण थांबणार?

आत्या चढली ती थेट बसली नाही. तिने पिशवीतून आपला जुना तिकिटं टोचायचा चिमटा काढला आणि बसच्या भिंतीवर ठोकत ठोकत दारापासून मागच्या आसनापर्यंत गेली. टक. टक. टक.

"आत्या, काय करतेस?" कडी कुजबुजली. तिच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

"पहिल्या फेरीआधी गाडी ठोकून बघायची असते. कुठला पत्रा सैल आहे ते आधी कळतं, मग तो चालत्या गाडीत डोक्यात पडत नाही."

"ही तशी गाडी नाही गं."

"गाडी ती गाडी," आत्या म्हणाली आणि सगळं ठोकून झाल्यावरच बसली.

डबी निघाली आणि निघाली तीही झोकात. सिग्नलला थांबली, रस्ता ओलांडणाऱ्या आजोबांना वाट दिली, उलट्या बाजूने आलेल्या सायकलवाल्याला सांभाळून घेतलं. परवानावाल्या बाईंनी दोनदा मान हलवून काहीतरी टिपलं. सुबकरावांची छाती फुगली. फुगलेल्या छातीच्या माणसाने गप्प बसावं, पण तेवढं कुणाला जमतं?

"आता एक गंमत," ते म्हणाले. "सगळ्यांनी फोन काढा आणि बसच्या वायफायला जोडून घ्या. बस रस्त्याकडे कशी बघते ते तुम्हाला फोनवर दिसेल. पासवर्ड आसनापुढच्या कार्डावर आहे."

पासवर्ड कडीने दिलेला होता, म्हणजे चोवीस अक्षरांचा. कार्ड सुबकरावांनी केलं होतं, म्हणजे पांढऱ्या कागदावर फिक्या करड्या शाईत, मुंगीएवढ्या अक्षरांत. आठ जणांनी आठ फोन काढले. बस वळणावर वळली. कारकुनाचं एक अक्षर चुकलं. सुबकरावांचं दोनदा चुकलं. कडीचं स्वतःचं चुकलं, आणि दुसऱ्यांदा लिहिताना तिला आठवलं की मिनिटभरात वीस चुकीचे पासवर्ड आले तर बसने त्याला हल्ला समजावं, असंही तिनेच ठरवलं आहे.

"थांबा! कुणीही—"

डबीने दिवा लावला, सभ्यपणे कडेला सरकली आणि उभी राहिली. छतातून गोड आवाज आला, "संशयास्पद हालचाल आढळली आहे. बस सुरक्षित आहे." दारं घट्ट बंद झाली.

"छान," परवानावाल्या बाई म्हणाल्या. "आता?"

सुबकरावांनी दाराचं बटण दाबलं. दाराने दाद दिली नाही. दाराचा हुकूम आणि चाकाचा हुकूम एकाच वाटेने जायचे, आणि ती वाटच बसने बंद केली होती. कुणाचंच ऐकायचं नाही म्हणजे नाही. वाट एकच असली की राखायला सोपी, यावर कडीचा अख्खा एक लेख होता.

फोन वाजला. नियंत्रणाच्या खोलीतून सहकारी बोलत होता. "इथे दोन किल्ल्या मागतंय. तुम्ही दोघं कुठे आहात?"

कडीने सुबकरावांकडे पाहिलं. सुबकरावांनी कडीकडे पाहिलं. दोघांच्याही गळ्यात एकेक किल्ली झगझगीत लटकत होती, आणि दोघंही किल्लीवाले एकाच बसमध्ये बसले होते.

कडीच्या कानात तीन महिन्यांपूर्वीचं ते हसू पुन्हा वाजलं, तिचं स्वतःचंच. तिने आत्याकडे बघायचं टाळलं. आत्या खिडकीबाहेर बघत होती. समोर न्हाव्याचं दुकान होतं. न्हावी वस्तरा घेऊन दारात आला होता, आणि त्याच्यामागे गालाला अर्धा साबण लावलेलं गिऱ्हाईक. दोघंही डबीकडे कौतुकाने बघत होते. गिऱ्हाइकाने हात हलवला. आत्यानेही हलवला.

"काळजीचं कारण नाही," सुबकराव घाम पुसत म्हणाले. हवा चालू होती, पंख्याला तेवढी कडीने कडी घातली नव्हती, पण त्यांना घाम आलाच होता. "आणीबाणीत हाताने दार उघडायची मूठ आहे. नियमाप्रमाणे बसवलेली आहे."

"कुठे?" बाईंनी विचारलं.

सुबकराव उठले. डाव्या भिंतीला पत्र्याचे अकरा पांढरे फळे, उजव्या भिंतीला अकरा, सगळे एका मापाचे, एकावर नाव नाही, खूण नाही, फट नाही. लाल रंग डोळ्यांना खुपतो म्हणून मूठ त्यांतल्या एका फळ्यामागे घेतली होती. पहिल्या आराखड्यात ती उजवीकडे होती. दुसऱ्यात डावीकडे गेली. तिसरा आराखडा ऑफिसात होता. त्यांनी एका फळ्यावर नखं चालवली, मग दुसऱ्यावर. मग ते गुडघ्यांवर बसले. इतकं सुबक काम आयुष्यात झालं नव्हतं, ज्याने लपवलं त्यालाच ते सापडेना.

"उजवीकडचा चौथा," आत्या म्हणाली.

सगळे वळले.

"ठोकताना तोच पोकळ वाजला. बाकी सगळे टक वाजले, तो डब वाजला. मी म्हटलं, सैल असेल."

ती गुडघ्यावर हात ठेवून उठली, चिमट्याचं टोक फळ्याच्या कडेत घातलं आणि सराईतपणे उचकटलं. फळा निघाला. आत लाल मूठ होती, छान, जाडजूड, अगदी हातात मावेल अशी. आत्याने ती ओढली. दार सुस्कारा टाकून उघडलं, बाहेरची हवा आत आली, आणि न्हाव्याच्या गिऱ्हाइकाने टाळ्या वाजवल्या.

सगळे फुटपाथवर उतरले. परवानावाल्या बाईंनी चष्मा लावला.

"हा चाचणीचाच भाग होता का?"

"हो, अर्थात!" सुबकराव क्षणाचाही विलंब न लावता म्हणाले. "आणीबाणीचं प्रात्यक्षिक. वयस्क प्रवाशालाही दार उघडता येतं हे दाखवायचं होतं."

वाट अगदी सोपी झाली होती. नुसती मान हलवायची होती. परवाना मिळाला असता, अकरा माणसं तरली असती, आणि आत्यालाही कधी काही कळलं नसतं. बाईंनी कडीकडे पाहिलं, कारण चौदाव्या रकान्याखाली सही तिची होती.

"नाही," कडी म्हणाली. आवाज बारीक निघाला, म्हणून तिने पुन्हा म्हटलं. "नाही, बाई. ही आमची चूक आहे. आणि निरंक लिहिलं ते खोटं आहे. हरकत आली होती, तीन महिन्यांपूर्वी, लेखी. दोघं किल्लीवाले एकाच बसमध्ये बसले तर काय, असं विचारलं होतं. पासवर्डाबद्दलही विचारलं होतं, आणि न दिसणाऱ्या बटणांबद्दलही."

"मग उत्तर काय दिलंत?"

"हसलो. आणि मी अभिप्रायाची जागाच बंद करून टाकली." आता तिला आत्याकडे बघावंच लागलं. "हरकत हिची होती. पान बिघडलं नव्हतं, आत्या. मी बंद केलं होतं. ऑफिसात हसले म्हणून."

आत्याने चिमटा पिशवीत टाकला, पिशवीचा बंद ओढला आणि न्हाव्याच्या पायरीवर जाऊन बसली. कडीला वाटलं, आत्याने चारचौघांत कानाखाली मारली असती तर बरं झालं असतं.

परवानावाल्या बाईंनी अर्ज फाईलमधून काढला. "मी बावीस वर्षं हे रकाने तपासते," त्या म्हणाल्या. "चौदाव्यात सगळे निरंक लिहितात. निरंक लिहिलेला अर्ज मी पहिल्या फेरीत कधीच मंजूर केलेला नाही. ज्याला कुणीच काही विचारलं नाही अशी वस्तू मी अजून पाहिली नाही." त्यांनी अर्ज कडीच्या हातात दिला. "नामंजूर करत नाही. पंधरा दिवसांनी या. मूठ दिसली पाहिजे, दार वेगळ्या वाटेने उघडलं पाहिजे, एक किल्लीवाला कायम जमिनीवर पाहिजे. आणि हा रकाना भरून आणा."

घरी जाताना आत्या एवढंच म्हणाली, "दूध घ्यायचंय." कडीने दूध घेतलं. त्याच संध्याकाळी तिने अभिप्रायाची चौकट उघडली आणि मधल्याच वारी एक लेख टाकला. त्यात कुणाला काही कळत नाही असं कुठेही म्हटलं नव्हतं. आपण काय केलं ते पहिल्या ओळीपासून लिहिलं होतं. बावीस वाचकांनी तो मुकाट्याने वाचला. चौकट दोन दिवस रिकामी राहिली. आत्या जेवायची, भांडी पुसायची, लवकर झोपायची.

तिसऱ्या दिवशी ऑफिसात बसल्या बसल्या तिने पान उघडलं, तर खाली एकेचाळिसावा अभिप्राय आला होता. एका बोटाने लिहिलेला, नेहमीसारखाच. तो वाचून कडी उठली आणि तोंड धुवून आली.

मग पंधरा दिवस डबीच्या पोटात हातोडे चालले. लाल मूठ बाहेर आली, आत्याच्या खांद्याच्या उंचीवर. सुबकरावांनी तीन रात्री झोप उडाल्याचं सांगितलं, पण लाल रंग निवडला त्यांनीच, आणि खरं म्हणजे चांगला निवडला. दाराची वाट वेगळी झाली. वायफायचा पासवर्ड आठ अक्षरांचा झाला आणि ठळक छापला गेला. त्यात चूक झाली तर बसने राग मानायचा नाही, असंही कडीने ठरवलं. जमिनीवर राहायची किल्ली कुणाकडे द्यायची, असा प्रश्न निघाला तेव्हा कडी आत्याकडे बघू लागली.

"मी नाही," आत्या म्हणाली. "मला बसायचंय. यांना ठेवा खाली." आणि तिने सुबकरावांकडे बोट दाखवलं.

तर दुसऱ्या चाचणीच्या दिवशी सुबकराव नियंत्रणाच्या खोलीत गळ्यात किल्ली घालून बसले होते, आणि परवानावाल्या बाई बसमध्ये मांडीवर अर्ज घेऊन. चौदाव्या रकान्याला सहा पानं जोडलेली होती. एकेचाळीस हरकती, एकेचाळीस उत्तरं. 'येताना दूध आण' तेवढं वगळलं होतं. बाईंनी प्रत्येक पान सावकाश वाचलं. शेवटच्या पानावर त्या थांबल्या आणि मोठ्याने वाचू लागल्या.

"हरकत एकेचाळीस. 'हसलात त्याचं काही नाही, मलाही पुष्कळ लोक हसलेत. पण पान बिघडलंय हे खोटं का सांगितलंस? मी तीन महिने वाट बघितली.' उत्तर: 'मला तुझी लाज वाटली, आणि मग माझीच वाटली. चुकले, आत्या. पुन्हा दार बंद करणार नाही.'" बाईंनी चष्मा काढला. "ही हरकत बसबद्दल नाही."

"बसबद्दलच आहे, बाई," कडी म्हणाली.

बाईंनी पान उलटलं आणि अर्जावर सही केली.

कडीने शेजारी पाहिलं. आत्या नाक ओढत पिशवीत काहीतरी शोधत होती. रुमाल असेल असं कडीला वाटलं, पण निघाला तो चिमटा.

"काय गं, इथे निघायची घंटा कुठे आहे?"

"घंटा नाही, आत्या."

"बेचाळीस नंबरला लिहून घे," आत्या म्हणाली, आणि चिमट्याने खांबावर दोनदा ठोकलं. टक टक.

डबी निघाली. ती तिकडे सुबकरावांनी बटण दाबल्यामुळे निघाली, हे आत्याला सांगायच्या भानगडीत कडी पडली नाही.